ताराचंदचा धागा

नागपूरच्या तांडापेठेतल्या ताराचंद हेडाऊचा दूधवाल्यावर विश्वास नव्हता, म्हशीवर नव्हता, आणि बायको पुष्पलतेवर असला तरी तिनं तापवलेलं दूध तो एकदा हुंगून पाही, मगच चहात ओतू देई. दोन लेकी लग्न होऊन आपापल्या घरी गेल्या, बायकोचे केस पिकले, पण सकाळी चहाच्या पातेल्यावर या गृहस्थाचं नाक हजर म्हणजे हजर.

"हुंगा जी, हुंगा," पुष्पलता म्हणे. "आज इख टाकलं, उद्या साखर टाकीन."

"तुह्यावर शक नाही वं माहा," तो शांतपणे सांगे. "त्या म्हशीवर हाय."

असा माणूस. कुलूप लावून दोनदा ओढून पाहणारा, लग्नाच्या पंगतीत मठ्ठ्याला हात न लावणारा, फोनवर कोणी गोड बोलू लागलं की फोन कानापासून लांब धरणारा. लोक त्याला हसत. पण गल्लीतल्या काही जणांना बँकेच्या नावाने फोन येऊन ते नागवले गेले, त्यात ताराचंद नव्हता, हेही खरं. त्यामुळे आपला संशय म्हणजे निव्वळ शहाणपण, अशी त्याची पक्की समजूत झाली होती. अशी समजूत झालेल्या माणसाजवळ राहणं सोपं नसतं, हे पुष्पलतेला विचारावं.

हा गुण त्याने बापाकडून घेतला होता. बाप कोष्टी, हातमागावर लुगडी विणायचा. एका पडवीत तीन चुलतभावांचे तीन माग, आणि भावाभावांत जितकी माया तितकाच अविश्वास. बाप जेवायला उठला की आडव्या धाग्याची कांडी इकडून तिकडे नेणाऱ्या धोट्याला लाल धागा गुंडाळी आणि त्याला बारीकशी गाठ मारी. परत आल्यावर आधी गाठ पाही, मग मागाच्या खड्ड्यात पाय सोडी. एकदा तापाने तो अंथरुणाला खिळला, धागा बांधायचा राहून गेला. बरा होऊन मागाशी आला, कापडावरून तळहात फिरवला आणि म्हणाला, "हे बोटभर कापड माह्या हातचं नाही." चुलतभावाने मुकाट्याने कबूल केलं. मग बाप पोराकडे वळला. "हात बदलला का वीण बदलते, ताऱ्या. कापड खोटं बोलत नाही."

पुढे माग गेले, त्यांची लाकडं चुलीत गेली, पोरगा शहर बसचा ड्रायव्हर झाला. बापाचं वाक्य तेवढं त्याच्यापाशी राहिलं.

डिझेलच्या गाड्या ताराचंदने उमेदीची सगळी वर्षं चालवल्या. कोणत्या गाडीचा गिअर रुसतो, कोणती चढावर दम टाकते, हे त्याला डोळे मिटून कळे. मग शहरात परदेशातून आलेल्या विजेच्या बसगाड्या उतरल्या. पांढऱ्या, गार, बंद काचांच्या, आणि आवाजाचं नाव नाही. बाकीचे ड्रायव्हर खूश. नागपूरच्या उन्हाळ्यात एसी गाडीवर बसायला मिळणं म्हणजे लॉटरीच. ताराचंद मात्र पहिल्या दिवशी गाडीभोवती फेरी मारून आला, वाकून खालून पाहिलं आणि म्हणाला, "जे गुमान येते, ते गुमान काहीतरी घेऊन बी जाते."

गाडीत जागोजागी कॅमेरे होते. त्यातला एक थेट ड्रायव्हरच्या तोंडावर रोखलेला. ताराचंदने त्याच्यावर आपला रुमाल टाकला. फेरी संपते न संपते तोच डेपो मॅनेजर वामनरावांचं बोलावणं आलं.

"रुमाल काढा, हेडाऊ."

"तुमाले कसा दिसला, साहेब?"

"मले काय दिसते? इथं सकाळपासून ऑफिसची लाइट नाही. गाडीवाल्या कंपनीचा फोन आला."

ताराचंदने रुमाल काढला. कंपनीला कुठून दिसला, हा किडा दोन दिवस त्याच्या डोक्यात वळवळला आणि मग का कोण जाणे, झोपी गेला. तो जागा राहिला असता तर पुढचं सगळं टळलं असतं.

या अशा माणसाचा जगात एकाच परक्या माणसावर विश्वास होता. तो म्हणजे चंद्रभान. राहणारा कन्हानचा, थोडीबहुत शेती भावाकडे सोपवून बसवर आलेला, अंगाने आडवा, मनाने उघडा. सीताबर्डी ते कन्हान हा मार्ग, गाडी एकच. सकाळपाळी चंद्रभानची, दुपारपाळी ताराचंदची. पाळी बदलताना चंद्रभानचा एक नेम होता. ड्रायव्हरच्या सीटमागे झाकणाचा एक खण होता. त्यात तो ताराचंदसाठी थंड पाण्याची बाटली भरून ठेवी, आणि आपण घोटलेल्या सुपारी-तंबाखूच्या खर्ऱ्यातला अर्धा खर्रा पन्नीत बांधून तिच्याशेजारी ठेवी. पंगतीतला मठ्ठा न पिणारा ताराचंद हे पाणी न हुंगता पिई आणि तो खर्रा न पाहता तोंडात टाकी. घरून बाटली आणणं तर त्याने केव्हाच सोडलं होतं. पुष्पलता म्हणे, माह्या दुधाचं नशीब त्या चंद्रभानभाऊच्या पाण्यासारखं असतं तर किती बरं झालं असतं.

बापाच्या धाग्याची गोष्ट त्याने चंद्रभानला कधीतरी रंगवून सांगितली होती. चंद्रभान पोट धरून हसला होता. "इतका शक घेऊन झोप कशी लागते गा तुमा लोकायले?"

पावसाळा गेला, थंडी गेली, आणि होळीच्या सुमारास ताराचंदच्या पायाला काहीतरी वेगळं लागू लागलं. विजेच्या गाडीची एक तऱ्हा असते. वेगाच्या पेडलवरून पाय उचलला की मोटर स्वतःच चाकं आवळून धरते, गाडी हळू होते आणि तेवढीच वीज परत बॅटरीत जाते. किती आवळायचं ते आतल्या सेटिंगवर ठरतं. ताराचंदच्या पायाला ती पकड पाठ झाली होती. आता एखाद्या दुपारी ती सैल लागे, एखाद्या दुपारी घट्ट. दुसऱ्या कोणाला कदाचित कळलंही नसतं. ताराचंदला कळलं, आणि बापाचं वाक्य उसळून वर आलं. हात बदलला का वीण बदलते.

आता हात म्हटला की तो कोणाचा? या गाडीवर हात दोनच. एक आपला, दुसरा चंद्रभानचा.

संशयी माणूस विचारत नाही, पाळत ठेवतो. ताराचंद पाळीआधी लवकर येऊन लांबून पाहू लागला. एका दुपारी त्याला दिसलं की चंद्रभान स्टिअरिंगखाली वाकला आहे, वायरींच्या पेटीपाशी, जिथे कंपनीचे लोक लॅपटॉप जोडतात तिथेच. मग त्याला आठवलं की चंद्रभानच्या भाच्याचं कन्हानला मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. झालं. संशयाला एवढा खुराक पुष्कळ होतो. त्या दिवशी खणातलं पाणी तो प्याला, पण पहिल्यांदाच पिण्याआधी हुंगून.

तेवढ्यावर थांबता तर निभलं असतं. पण जिभेला हाड नसतं. ऑफिसात कसल्या तरी कामाला गेला असताना तो वामनरावांना बोलून गेला, "साहेब, गाडीत कोणीतरी हात घालून राहिलं."

"कोण?"

"आता गाडीवर आमी दोघंच असतो," ताराचंद म्हणाला आणि खिडकीबाहेर पाहू लागला. नाव घेतलं नाही म्हणून आपण चुगली केली नाही, असं त्याने स्वतःला समजावलं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत सकाळपाळीत इंदोरा चौकाजवळ ते घडलं. प्रेमिलाबाई म्हणून एक म्हातारी उतरायच्या तयारीने दाराशी उभी होती. पुढे सिग्नल लाल झाला, चंद्रभानने पेडलवरून पाय उचलला, आणि गाडीने अशी काही पकड घेतली की उभे होते ते सगळे पुढे फेकले गेले. बाई दाराच्या पायरीवर आपटली, मनगटाचं हाड मोडलं. चंद्रभानने तिला स्वतः उचलून दवाखान्यात नेलं, तिचा मुलगा येईपर्यंत तो तिच्या उशाशी बसून होता. तो एकच सांगत होता, "मी ब्रेक दाबलाच नाही. फक्त पाय काढला." कंपनीच्या पडद्यावर मात्र नोंद आली होती, ड्रायव्हरने जोरात ब्रेक लावला.

वामनरावांना ताराचंदचं वाक्य आठवलं. मग काय, वड्याचं तेल वांग्यावर निघालं. गाडीत छेडछाड, तीही ड्रायव्हरकडून, आणि साक्षीला जोडीदार. चौकशी होईपर्यंत चंद्रभान घरी. चौकशीत ठरलं तर नोकरी जाणार आणि पोलिसांत तक्रार होणार. कंत्राटी माणूस. एकदा असा डाग लागला की त्याच्या हाती स्टिअरिंग पुन्हा कोणी देणार नाही, हे डेपोतला झाडूवालाही सांगू शकला असता.

घरी जाण्याआधी चंद्रभान डेपोच्या फाटकाजवळच्या चहाटपरीवर ताराचंदची वाट पाहत उभा होता.

"तू म्हणला गा साहेबाले?"

ताराचंदने कप खाली ठेवला. "मी नाव नाही घेतलं तुहं."

"दोघंच असतो म्हणला ना? त्यात तुहं तर तू घेणार नाही. मंग उरलं कोण?"

"तू वाकला होता स्टिअरिंगखाली. मी पाह्यलं."

चंद्रभान त्याच्याकडे वळून म्हणाला, "खर्ऱ्याची पन्नी पडली होती माही. तुह्याच वाट्याची होती. मले एक डाव इचारलं असतं, काहून वाकला म्हणून, तर काय बिघडलं असतं, ताराचंद?"

खरं सांगायचं तर त्या क्षणीही ताराचंदच्या मनात आलं ते एवढंच, की उत्तर फार पटकन आलं, आधीच ठरवून ठेवलं असेल. चंद्रभानने चहाचे पैसे दोघांचेही देऊन टाकले आणि तो निघून गेला.

घरी पुष्पलतेने ऐकलं तेव्हा ती हातातलं काम सोडून नवऱ्यासमोर बसली. "त्याच्या घरी चार तोंडं खाणारी हायेत जी. शक असन तर पक्का करा, नसन तर वापस घ्या. मधात लटकवून नका ठेऊ त्या माणसाले."

हे ताराचंदला पटलं. पक्का करायचा. त्याने घरच्या पेटीतून बापाच्या वेळचं लाल धाग्याचं रीळ काढलं. दुसऱ्या दिवशी स्टिअरिंगखालच्या वायरींच्या पेटीच्या झाकणाला त्याने धागा गुंडाळला आणि बापाची ती बारीक गाठ मारली. सहज पाहणाऱ्याला दिसणार नाही, आणि तोडल्याशिवाय झाकण उघडणार नाही. सकाळपाळीला माणूस नसल्यामुळे ती गाडी सकाळी डेपोत उभीच असे, दुपारी फक्त ताराचंद चालवी. रोज बसण्याआधी तो गाठ पाही. गाठ जागेवर, आणि गाडीची पकडही पूर्वीसारखी, रोज तशीच्या तशी. एक ना दोन, बरेच दिवस असे सुरळीत गेले.

ताराचंदला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. चंद्रभान गेला आणि गाडी सुधारली, म्हणजे आपण बोललो तेच खरं. हे तो मनात पुन्हा पुन्हा म्हणे. आणि सीटमागच्या रिकाम्या खणाकडे हात गेला की तो मागे घेई. पाणी आता घरून येत होतं, ते डेपो सुटायच्या आत कोमट होई.

मग एक दुपार आली. ऊन असं की कन्हानच्या शेवटच्या थांब्यावर कुत्रंही सावलीतून हलत नव्हतं. प्रवासी उतरून गेले होते. परतीला अवकाश होता म्हणून ताराचंदने दारं लावून घेतली, एसी चालू ठेवला आणि मांडीवर डबा उघडला. गाडीत तो एकटा. पहिला घास तोंडात गेला, तोच समोरचा पडदा काळा झाला.

एसी थांबला. गाडीत एकदम चिडीचूप. ताराचंदचा घास तोंडातच राहिला. काळ्या पडद्यावर एक बारीक पट्टी उमटली आणि डावीकडून उजवीकडे भरत गेली. तिच्याखाली परक्या लिपीतल्या ओळी सरकत होत्या. त्याने दाराचं बटण दाबलं. दार उघडलं नाही. पुन्हा दाबलं. नाही. काचा तर बंदच. बाहेर रस्ता पांढराफटक, आणि आत गाडी बघता बघता तापू लागली. आता यात प्रवासी असते तर? पोरंबाळं असती तर? त्याला दरदरून घाम फुटला, आणि तो सगळा उन्हाचा नव्हता.

पट्टी भरली. पडदा उजळला, घंटी वाजली, एसी सुरू झाला, आणि कोणी न सांगता दार आपलं आपण उघडून पुन्हा लागलं. ताराचंदने डबा बाजूला ठेवला, गुडघ्यावर बसून स्टिअरिंगखाली डोकं घातलं. लाल धागा जसाच्या तसा. गाठ बापाची, तिला धक्काही नाही.

त्याने गाडी सुरू करून थांब्याच्या मोकळ्या जागेत थोडी पुढे घेतली आणि पाय उचलला. गाडीने चाकं अशी आवळली की डब्यातली भाजी सीटवर सांडली.

हात बदलला होता. पण तो हात गाडीत नव्हता, डेपोत नव्हता, कन्हानच्या मोबाइल दुकानातही नव्हता. बापाच्या काळी दुसऱ्याचं विणायचं तर त्याच्या मागावर येऊन बसावं लागे. आता तसं लागत नाही, एवढी साधी गोष्ट या शहाण्याच्या ध्यानात आली नव्हती. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात. इथे कळसा दूर परदेशात होता, आणि हा गडी आपलीच काख चाचपत बसला होता. ताराचंदला स्वतःची अतोनात लाज वाटली. चंद्रभानचं घर तिथून हाकेच्या अंतरावर होतं. पण परतीचे प्रवासी दाराशी जमले होते, आणि खरं म्हणजे त्याची हिंमतही झाली नाही. सबंध रस्ताभर तो गाडी बैलगाडीच्या वेगाने हाकत आला.

डेपोत कंपनीची एक इंजिनिअर बसे, मिनल नावाची. नागपूरचीच मुलगी, बोलायला नीटनेटकी. ताराचंदने तिला गाठून सगळं सांगितलं, धाग्यासकट. ती हसली नाही.

"ते वरून होतं, काका. गाडीत सिमकार्ड असतं, आपल्या फोनमध्ये असतं तसं. त्यावरून कंपनी तिकडून नवं सॉफ्टवेअर पाठवते. सेटिंग बदलतं. रात्री पाठवायचं असतं, पण कधी कधी..." तिने वाक्य सोडून दिलं.

"आमाले सांगत काहून नाहीत?"

"मलाही नंतरच कळतं."

"सेटिंग बदलवते, दार बंद करते. मंग चालती गाडी बी थांबवू शकते?"

मिनलने दाराकडे पाहिलं. "तसं कोणी करणार नाही."

"करन का नाही, हे नाही इचारलं मी, मॅडम. करू शकते का?"

"रस्ता तोच आहे," ती हळू आवाजात म्हणाली. "ज्या रस्त्याने अपडेट येतं, त्याच रस्त्याने बंद करायचा हुकूमही येऊ शकतो. आणि ती चावी उद्या कोणा चोराच्या हाती लागली तर त्यालाही येईल. एकाच वेळी सगळ्या गाड्यांना."

"चावी कोणापाशी हाय?"

"तेच तर मले बी ठाऊक नाही ना, काका," मिनल म्हणाली. इतका वेळ सांभाळलेली तिची नीटनेटकी भाषा तिथे निसटली. त्यावरून ताराचंदला कळलं की ही पोरगीही घाबरलेली आहे.

चौकशीच्या दिवशी वामनरावांच्या खोलीत भिंतीवरच्या पडद्यात कंपनीचे एक साहेब कुठूनतरी हजर होते. खुर्चीच्या कडेवर चंद्रभान बसला होता, हात मांडीवर, नजर जमिनीकडे. ताराचंदने उभ्या उभ्या सगळं सांगितलं. आपण चुकीचं बोललो, चंद्रभानने काही केलं नाही, कन्हानला गाडी रिकामी असताना पकड बदलली, दार अडकलं, आणि झाकणावरचा धागा तुटला नव्हता.

"धागा?" पडद्यातले साहेब हिंदीत म्हणाले आणि त्यांना हसू आवरेना.

वामनराव हसले नाहीत, ते वैतागले. "हेडाऊ, मागच्या महिन्यात तुमचा शक चंद्रभानवर होता. आज कंपनीवर आहे. उद्या माझ्यावर येईल. तुमचं कोणतं बोलणं खरं धरायचं?"

आयुष्यभर ज्याने कोणाचंच खरं मानलं नाही, त्याचं आज कोणी खरं मानत नव्हतं, आणि यात चूक कोणाचीच काढता येत नव्हती. ताराचंदने चंद्रभानकडे पाहिलं. चंद्रभानने मान वर केली नाही.

"सर," कोपऱ्यातून मिनल म्हणाली. "प्रेमिलाबाई पडल्या त्या सकाळी त्या गाडीला अपडेट आलं होतं. त्याआधीही आलेत. आणि पकडीची नोंद ब्रेक म्हणूनच पडते."

पडद्यातल्या साहेबांचं हसू गेलं. त्यांनी सांगितलं की तिकडे विचारून कळवतो, ही सोय प्रवाशांच्या सुरक्षेसाठीच आहे, आणि एवढं बोलून ते पडद्यातून नाहीसे झाले. पुढे काय कळवलं ते कोणाला कळलं नाही. चंद्रभानला मात्र कामावर घेतलं, सांभाळून गाडी चालवण्याची समज देऊन. दोष त्याचा नव्हता, असं कोणी म्हटलं नाही. दोष कोणाचा होता, हेही कोणी म्हटलं नाही.

खोलीबाहेर ताराचंदने त्याला गाठलं. "चुकलं गा माहं, चंद्रभान."

"हो," चंद्रभान म्हणाला. एवढंच, आणि तो चालू लागला.

चंद्रभान कामावर परतला त्या पहिल्या दिवशी पुष्पलतेने नेहमीप्रमाणे पाण्याची बाटली भरून दिली. ताराचंदने ती उंबऱ्याच्या आत ठेवली.

"पाणी राहिलं जी!"

"राहू दे वं. चंद्रभान भरून ठेवते."

तिने बाटली उचलून आत नेली. पाणी असेल की नाही ते न पाहताच नवऱ्याने या वेळी विश्वास आधी टाकला होता, हे तिला कळलं असावं.

सीताबर्डीला पाळी बदलली. चंद्रभान उतरला, "गाडी ठीक हाय" म्हणाला आणि गर्दीत मिसळला. पूर्वी तो "गाडी ठीक हाय गा" म्हणत असे. ताराचंद चढला, सीट मागेपुढे केली, आरसा जुळवला. घशाला कोरड पडली होती. सवयीने त्याने हात मागे नेला आणि खणाचं झाकण उचलायला गेला.

बोटाला काहीतरी अडलं. त्याने वळून पाहिलं. झाकणाला धागा बांधला होता. लाल नाही, पोतं शिवायचा जाड दोरा. गाठही कोष्ट्याची नव्हती. गोठ्यात बैलाच्या दाव्याला मारतात तसली ती होती, ओबडधोबड, पण पक्की.

ताराचंद त्या गाठीवर बोट ठेवून बसून राहिला. आत बाटली असेलही. शेजारी अर्धा खर्राही असेल. दोरा तोडला तर उद्या सकाळी चंद्रभानला कळणार की ताराचंदने खण उघडला. नाही तोडला तर आत आपल्यासाठी पाणी ठेवलं होतं की नाही, हे ताराचंदला कधीच कळणार नाही. एक डाव इचारलं असतं तर काय बिघडलं असतं, असं चंद्रभान म्हणाला होता. आता विचारायचं तरी कोणत्या तोंडाने?

मागून प्रवासी ओरडले, चला, भाऊ. तेवढ्यात पडद्यावर घंटी वाजली आणि कोपऱ्यात परक्या लिपीतली एक ओळ उमटून गेली. दूरच्या त्या हाताला ना धागा अडला, ना गाठ. ताराचंदने झाकणावरून बोट काढून घेतलं आणि पाय अगदी हळू पेडलवर ठेवला. त्या दिवशी तो कन्हानपर्यंत तहानलेलाच गेला.